मोठ्या टेबलाचा आकडा

आकडा आला तीन हजार आठशे बारा.

काडीसाहेबांनी यंत्र उलटं करून पाहिलं, जणू खरा आकडा पाठीमागे लिहिलेला असेल. पाठीमागे फक्त बॅटरीचं झाकण होतं. दहाच्या आत आला तर टेबल स्वच्छ, तिसाच्या वर गेला तर नापास, असा साधासरळ हिशेब, आणि हा आकडा तर हजारात गेलेला. समोर मोठं टेबल लखलखत होतं. छतावरच्या दिव्यांच्या दोन्ही रांगा त्यात वाकड्या न होता उतरल्या होत्या, आणि टेबलाच्या अगदी कडेला त्यांचं स्वतःचं नाक दिसत होतं, घामेजलेलं. एवढ्या चकचकीत स्टीलवर तीन हजार आठशे बारा! लागोपाठ हा तिसरा सोमवार. पहिल्या सोमवारी दोन हजार काहीतरी, दुसऱ्या सोमवारी तीन हजाराच्या आसपास, आणि आज हे. रुग्णालयाच्या या स्वयंपाकघरात रोज सकाळी यायचं, नळ, सुऱ्या, झारे, दारांच्या मुठी यांवर ओल्या कापसाची काडी फिरवायची, ती नळीत खुपसायची, नळी यंत्रात घालायची आणि पंधरा सेकंदांनी यंत्र जे सांगेल ते रजिस्टरात उतरवायचं, एवढंच त्यांचं काम. म्हणून नाव पडलं काडीसाहेब. बायकोसुद्धा संध्याकाळी दार उघडताना विचारायची, "काय, आज कुठे काडी लावून आलात?" ते हसायचे आणि चपला काढायचे. उत्तर मनात असायचं, चांगलं खमंग असायचं, पण ते ओठांवर यायचं रात्रीचं जेवण उरकून भांडी घासून झाल्यावर, आणि तेव्हा त्याचा काही उपयोग नसायचा.

"काय म्हणतंय तुमचं डबडं?" पलीकडून आत्यांनी विचारलं. आत्या म्हणजे धुण्याच्या विभागाच्या मुख्य. एकोणीस वर्षं हे टेबल त्यांच्या हाताखाली होतं. दंड पैलवानासारखे, आवाज त्याहून मोठा, आणि रुग्णालयातल्या डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत जो तो त्यांना आत्याच म्हणायचा. काडीसाहेबांनी यंत्र नुसतं पुढे धरलं. आत्यांनी ओले हात एप्रनला पुसले, वाकून आकडा वाचला, पुन्हा वाचला. त्या ओरडतील, यंत्राला शिव्या घालतील, निदान एखादं भांडं आपटतील अशी काडीसाहेबांची तयारी होती, खरं तर तशी त्यांना आशाच होती. पण आत्या हळूच म्हणाल्या, "आज तीनदा धुतलं हो साहेब. गरम पाणी, साबण, परत गरम पाणी, वरून ते निळं औषध. शनिवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडेही जाऊन आले. तो मेला म्हणतो डोळे ठणठणीत आहेत. मग हातच गेले म्हणायचे, दुसरं काय." आणि त्या मागच्या मोरीकडे चालू लागल्या. नियम सगळ्यांना ठाऊक होता. एकाच जागी तीन वेळा नापास, की त्या जागेची जबाबदारी असलेल्या माणसाची बदली तळघरात, चादरी धुण्याच्या यंत्रांपाशी. तिथे खिडकी नव्हती, आणि बोलायला चादरींशिवाय कोणी नव्हतं. आत्यांसारख्या बाईला तिथे ठेवणं म्हणजे काय, हे काडीसाहेबांना नीट कळत होतं. पण ते हादरले ते तळघरामुळे नव्हे. आत्यांनी 'हात गेले' हे खालच्या आवाजात म्हटलं होतं, त्यामुळे.

बोलायला हवं होतं. "असं काही नसतं हो आत्या," एवढं तरी. पण शब्द सुचेपर्यंत माणूस निघून जायचा, हे त्यांचं जन्माचं दुखणं. शाळेत चारशे मीटरची शर्यत असायची. व्यायामाचे मास्तर सांगायचे, शेवटच्या फेरीसाठी दम राखून ठेवा रे. बाकीची पोरं ऐकून सोडून द्यायची आणि धावत सुटायची. यांनी मात्र मास्तरांचं बोलणं मनावर घेतलं. पहिल्या वळणाला दम राखला, दुसऱ्या वळणाला राखला, पुढचा घोळका लहान लहान होत गेला तरी हे आपले राखतच राहिले, आणि शेवटी रेषा ओलांडली तेव्हा सगळ्यांत शेवटी होते आणि जराही धाप लागलेली नव्हती. मास्तर म्हणाले, "अरे, तो दम काय घरी घेऊन जाणार आहेस?" पोरं हसली. हेही हसले. घरी गेले, आणि तो दम खरंच त्यांच्याबरोबर घरी आला, आणि आज बावन्नाव्या वर्षीही तो कुठेतरी तसाच पडून असावा असं त्यांना कधीकधी वाटायचं. लेक सासरी जायला निघाली त्या दिवशी असंच झालं. गाडीची काच खाली होती, ती म्हणाली, "बाबा, काहीतरी बोल ना." त्यांनी गाडीच्या चाकाकडे बघून सांगितलं, "हवा कमी आहे. वाटेत भरून घ्या." लेक रडता रडता हसली. आता तिची पोरगी त्यांना फोनवर विचारते, "आजोबा, हवा भरली का?" आणि घरभर खसखस पिकते. ते स्वतःही खूश होतात. पण जे म्हणायचं होतं ते अजून आतच आहे.

यंत्राच्या पडद्यावर आकडा अजून तसाच होता. तो कुठून येतो हे त्यांना प्रशिक्षणात शिकवलं होतं. अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याआधी ते एका कचेरीत कारकून होते, दिवसभर जाडजूड दप्तरं चाळायचे, आणि कचेरी बंद झाली म्हणून इकडे आले. शिकवणाऱ्या बाई ठेंगण्या, केस बारीक कापलेले, हातात कायम खडू. त्या म्हणाल्या होत्या, जिवंत असलेल्या प्रत्येक पेशीत एक पदार्थ असतो, एटीपी. त्याच्या शेपटाला फॉस्फेटचे तीन गट एकापुढे एक चिकटलेले. तिघांवर सारखाच विद्युतभार, त्यामुळे तिघांना एकमेकांचा सहवास नको. "तीन भांडकुदळ भाऊ एका तोकड्या बाकावर कोंबून बसवले तर काय होईल?" बाईंनी विचारलं होतं. "शेवटचा संधी मिळताच उडी मारेल. तो उडी मारतो ना, त्या धक्क्यावर आपलं सगळं चालतं. पापणी हलते, हृदय ठोके देतं, मी ही बडबड करते. मग भट्टीत अन्न जळतं, त्या जोरावर त्याला धरून आणतात आणि परत बाकावर बसवतात. लगेच पुन्हा उडी." सगळा वर्ग हसला, पण काडीसाहेबांना एकदम घरचा लाकडी बाक आठवला. त्यावर तिघे भाऊ अभ्यासाला बसायचे आणि टोकाला हे, अर्धे बाकावर आणि अर्धे हवेत. थोरला कोपराने ढोसायचा, मधला ते ढोसणं पुढे पोचवायचा, आणि हे पडायचे. पडायचे आणि पुन्हा वर येऊन बसायचे, ब्र न काढता. आई म्हणायची, माझं धाकटं किती शांत. शांत कसलं? आत नुसती खळबळ चालू असायची.

बाईंचं पुढचं सांगणं त्यांना त्याहून लागलं होतं. त्यांना वाटायचं, शरीर म्हणजे मोठं कोठार. तसं ते आहेही, बाई म्हणाल्या. साखरेच्या माळा ओवून शरीर त्या यकृतात आणि स्नायूंत ठेवतं, त्याहून उरलं तर चरबी करून कमरेला बांधतं, काहींच्या बाबतीत ते दिसतंच आहे. तेव्हा सगळ्यांनी पोटं आत घेतली. पण हा जो हातखर्चाचा पदार्थ आहे, एटीपी, तो साठवता येत नाही. अख्ख्या अंगात एका वेळी असतो मूठभर, काही क्षण पुरेल इतकाच. तो सतत मोडायचा आणि सतत नव्याने घडवायचा. दिवसभरात मोडून घडवलेला सगळा मोजला तर आपल्या वजनाइतका भरतो. "राखून ठेवलेला एटीपी ही चीजच नाही," बाई खडू झटकत म्हणाल्या, "पेशी जिवंत आहे याचा अर्थच ती आत्ता खर्च करते आहे." आणि या नळीत काजव्याच्या पोटात असतं तसलं रसायन भरलेलं आहे, काडीला एटीपी लागला असेल, मग तो जंतूंचा असो, सूपचा असो नाहीतर तुमच्या घामाचा, तर तो या रसायनाला मिळून उजेड पडतो. यंत्र तो उजेड मोजतं. कुणाचा आहे ते मात्र त्याला कळत नाही. त्या दिवशी घरी जाताना काडीसाहेब दोन थांबे आधीच बसमधून उतरले आणि चालत गेले. आपण बावळटासारखे उभे असलो तरी आत कोट्यवधी भाऊ बाकावरून उड्या मारताहेत, या विचाराने त्यांना इतकं हसू आलं की समोरून येणाऱ्या बाईने रस्ता बदलला.

"आला का तिसरा?" मॅनेजर जवळ येऊन उभा राहिला. पोरगेलासा माणूस, वाईट नव्हता, पण त्याला दिवसभर घाई असायची आणि ती सगळ्यांना कळावी असंही वाटायचं. त्याने रजिस्टर ओढलं, शेवटची पानं उघडून मागचे दोन सोमवार पाहिले, मान हलवली आणि ते मिटून टाकलं. "उतरवा आकडा. मी दुपारपर्यंत बदलीचं पत्र काढतो. मलाही बरं वाटत नाहीये, पण नियम म्हणजे नियम." तो आपल्या काचेच्या खोलीत गेला. काडीसाहेबांनी रजिस्टर पुन्हा उघडायला घेतलं. गेल्याच महिन्यात हे नवं आलं होतं, कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा, पानं एकमेकांना सोडायला तयार नाहीत. रोजच्या नोंदी पुढच्या पानांवर, आणि मोठ्या टेबलाची आठवड्याची नोंद पार शेवटी, वेगळ्या पानावर. मोरीपाशी आत्या पातेली पालथी घालत होत्या. तिथूनच त्यांनी मान वळवून पाहिलं, आणि एवढ्या दुःखातही त्यांच्या जिभेला राहवलं नाही. "लावा, जरा जास्त थुंकी लावा साहेब. माझ्या नावाचं पान आहे, सहजासहजी नाही सुटायचं ते!"

काडीसाहेबांचं बोट जिभेवरच राहिलं.

ते तसेच उभे होते, उजव्या हाताची तर्जनी तोंडात घातलेलं बावन्न वर्षांचं बाळ. कारकुनीच्या वीस वर्षांत हे बोट दिवसातून हजारदा तिथे जाऊन आलं असेल. आता त्याला वाट विचारावी लागत नव्हती. पेन निसटतं म्हणून उजव्या हाताचा मोजा ते लिहिताना काढत. मोठ्या टेबलाची पाळी शेवटी, पुढे काही उरलेलं नसायचं, म्हणून तो पुन्हा चढवत नसत. आधी पान शोधून तारीख टाकायची. मग टेबलावर ती स्टीलची चौकट ठेवायची, म्हणजे काडी फिरवायची जागा दर वेळी सारखी राहते. चौकट फक्त मोठ्या टेबलाला लागते. नळाला लागत नाही, सुरीला लागत नाही. आणि ती सरकू नये म्हणून आतल्या कोपऱ्यात दाबून धरायची. कुठल्या बोटाने? जुन्या रजिस्टराचं पान जाड होतं, आपसूक उलटायचं. त्यातले सोमवार त्यांना आठवत होते, चार, सहा, तीन, पाच. मग नवं रजिस्टर आलं. मग आत्यांचे हात गेले.

खिशात दोन जादा काड्या होत्या. आजूबाजूला कुणी पाहत नाही असं बघून त्यांनी पहिली स्वतःच्या ओल्या बोटावरून फिरवली आणि यंत्रात घातली. पंधरा सेकंद. आयुष्यात त्यांनी ते कितीतरी हजार वेळा मोजले असतील, पण इतके लांब कधी नव्हते. मनाचा एक भाग म्हणत होता, दहाच्या आत येऊ दे. म्हणजे आपण सुटलो, यंत्र बिघडलं असेल, नाहीतर आत्या म्हाताऱ्या झाल्या असतील, आपलं काही नाही. आणि दुसरा भाग, त्यांना स्वतःलाच नवल वाटावं असा, उत्सुकतेने टाचा उंचावून उभा होता. आकडा आला सहा हजार सातशे चाळीस. "अरे बापरे," ते मोठ्याने म्हणाले. एवढं? एवढं सगळं माझ्यात? लाज वाटायला हवी होती आणि वाटतही होती, कान गरम झाले होते. पण लाजेच्या आडून भलताच एक आनंद डोकं वर काढत होता आणि त्याला दाबावं तितका तो वर येत होता. लोकांनी थंड म्हटलं, बायकोने मुखस्तंभ म्हटलं, मास्तरांनी दम घरी नेला म्हणून हसून घेतलं, आणि इथे एका बोटाच्या टोकावर सहा हजार सातशे चाळीस! मग त्यांनी हात धुतले, दोन्ही मोजे चढवले, टेबलाच्या न शिवलेल्या भागावर चौकट ठेवली आणि दुसरी काडी फिरवली. चार. एकोणीस वर्षं हे टेबल घासणाऱ्या त्या हातांचा आकडा चार.

ते काचेच्या खोलीत गेले आणि उभ्याउभ्याच मॅनेजरला सगळं सांगितलं. सांगायला त्यांना बरीच मिनिटं लागली, कारण ते सुरुवातीपासून, म्हणजे जुन्या रजिस्टराच्या कागदापासून सांगत होते. मॅनेजरने कपाळ चोळलं. मग उठून दार लावलं. "काडीसाहेब, हे तुम्हाला कळलं आणि मला कळलं. बास. आज चार लिहा. तिसरं नापास झालंच नाही, पत्र निघणार नाही, आत्या जागच्या जागी. तीन इमारतींचा मुख्य तपासनीस म्हणून तुमचं नाव मी गेल्याच आठवड्यात वर पाठवलंय. तपासनीसानेच थुंकी लावली हे वर कळलं तर तुम्हाला परत पहिल्या धड्यापासून प्रशिक्षणाला बसवतील. उगाच कशाला? सगळ्यांचंच भलं होतंय." म्हणणं अगदी बरोबर होतं. काडीसाहेबांनी मान डोलावली. चांगल्या सल्ल्याला मान डोलावणं त्यांच्या हाडीमासी होतं. काचेतून त्यांना आत्या दिसत होत्या. हातातलं काम सोडून त्या दिव्याखाली उभ्या होत्या, आणि स्वतःचे पंजे उलटसुलट करून बघत होत्या, अगदी मघाशी काडीसाहेबांनी यंत्र बघितलं होतं तसे. बोटांची पेरं खरवडून लाल झाली होती. आज चार लिहिलं तर बाई जागच्या जागी राहतील, आणि मागच्या दोन सोमवारांचं काय? त्या पुढच्या सोमवारी चारदा धुतील. त्याच्या पुढच्या सोमवारी पाचदा. आणि दर वेळी आकडा यायच्या आधी ते पंधरा सेकंद.

नंतर सांगू, असं त्यांना नेहमीप्रमाणे वाटलं. दुपारी, गर्दी कमी झाली की, बाजूला घेऊन, नीट शब्द जुळवून. आणि त्याच क्षणी त्यांना स्वतःचा असा काही राग आला की बस्स. दार उघडून ते बाहेर आले तेव्हा आतल्या त्या सगळ्या टोकाच्या भावांनी एकाच वेळी उडी मारली असावी, कारण जो आवाज निघाला तो त्यांनीही आधी कधी ऐकलेला नव्हता.

"आत्या! टेबल स्वच्छ होतं!"

भाजी चिरणारे थांबले. पाव कापण्याचं यंत्र कुणीतरी बंद केलं. "तिन्ही सोमवारी स्वच्छ होतं! ती माझी थुंकी होती! मी पान उलटायला बोट चाटतो आणि तेच बोट टेबलाला लावतो! तुमचे हात कुठेही गेलेले नाहीत, माझीच अक्कल गेली होती! आकडा माझा होता, आत्या, सगळा माझा!" मॅनेजरने मागे काचेला डोकं टेकलं. काडीसाहेबांना धाप लागली होती. खरीखुरी, तोंड उघडं टाकून घ्यावी लागते तसली धाप, आणि ती त्यांना भलतीच आवडली.

आत्या दोन्ही हात कमरेवर ठेवून त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. "माझ्या टेबलाला," त्या म्हणाल्या, "थुंकी?" पुढचं अर्धं मिनिट त्यांनी काडीसाहेबांचा जो उद्धार केला तो थेट चौथ्या मजल्यावर, हाडांच्या विभागात ऐकू गेला, असं नंतर लिफ्टवाल्याने सांगितलं. काडीसाहेब मान खाली घालून ऐकत होते आणि त्यांच्या अंगावरून जणू ऊन फिरत होतं; आवाज परत आला होता, सगळा, जसाच्या तसा. मग आत्या मध्येच थांबल्या. एक खोकं पालथं घालून त्यावर मटकन बसल्या, एप्रनचा पदर तोंडाला लावला, आणि त्या हसताहेत की रडताहेत ते कुणालाच कळेना, त्यांनाही कळत नसावं. "पंधरा दिवस हो," त्या म्हणाल्या, "पंधरा दिवस मी सुनेला भाताला हात लावू देत होते. म्हटलं, माझे घाणेरडे हात नकोत अन्नाला."

मग त्या उठल्या. बादली घेतली, गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडला, आणि बाह्या दंडापर्यंत सारल्या. "सरका," त्या काडीसाहेबांना म्हणाल्या. "इथे उभे राहा आणि बघा, टेबल कसं धुतात ते." त्यांनी साबणाचं पाणी टेबलावर ओतलं ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि दोन्ही हातांनी, अख्ख्या खांद्यांतून जोर काढत, घासायला सुरुवात केली. फेस उडाला, वाफ वर गेली, पाणी काडीसाहेबांच्या चपलांवरून वाहिलं. सगळं स्वयंपाकघर काम सोडून बघत होतं. टेबल आधीच स्वच्छ होतं हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं, पण त्यांना थांबवायला कुणीच पुढे झालं नाही.